टाकी क्रमांक सात

ठाण्यात आमच्या कॉलेजच्या जिन्याखाली
जिथे पूर्वी कबड्डीच्या मॅट रचून ठेवायचे
तिथे आता चोवीस काचेच्या टाक्या
आणि एक स्टूल, माझं.

कारखानीस मॅडम सांगतात, धर्माजी, आज सातमध्ये नर सोडा.
मी चहाच्या गाळणीने गप्पी उचलतो.
नखाएवढा जीव, कुशीवर नारिंगी ठिपका,
होडी रंगवताना पायावर ऑइलपेंट सांडावा तसा.
मादीसमोर जातो, अंग वाकवतो, थरथरतो,
हळदीत पहिल्यांदाच नाचणारा पोर जसा
नाचतो कमी, कोण बघतंय ते बघतो जास्त.

दुसरा फिका. तो नाचाच्या भानगडीत पडत नाही.
मागून येतो, पोटाखालची काडी पुढे वळवतो,
एक धक्का,
आणि लगेच कोपऱ्यात शेवाळ खायला मोकळा.

मी वहीत लिहितो : नाच अकरा, चोरी चार.
मॅडम म्हणतात, चोरी नाही, 'विनायाचना' लिहा.
लिहितो.
चेंदणी कोळीवाड्यात त्याला चोरीच म्हणतात.

खरी शर्यत, मॅडम सांगतात, नंतर सुरू होते.
आत. काळोखात.
दोघांचं, तिघांचं बीज एकाच पोटात
आणि अंडी मोजकी.
कोणाचं किती हे बघायचं, कोणाचं किती जोरात पळतं तेही,
सेकंदाला किती मायक्रॉन.
मायक्रॉन म्हणजे केवढा, मी विचारलं.
तुमच्या मिशीच्या एका केसाच्या जाडीत सत्तर बसतील.
तेव्हापासून मिशीला हात लावताना जपून लावतो.

आणि म्हणे मादीच्या आतलं पाणीही गप्प नसतं.
सख्ख्या भावाचं बीज त्यात रेंगाळतं,
परक्याचं सुटतं सुसाट.
म्हणजे आत एक आत्या बसलीय, सोयरीक जुळवणारी,
कूळ विचारल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत वीज गेली. पंप बंद.
सातमधले नर सगळे वर तरंगले.
मी एकेक चिमट्याने काढून स्पिरिटच्या बाटलीत ठेवला,
चिठ्ठी लावली, तारीख टाकली.
मादी तेवढी जगली.
डिसेंबरात व्याली. एकोणीस.
जानेवारीत चौदा.
काल पुन्हा सहा, नराची सावलीसुद्धा न पडता.
साठवून ठेवते ती, मॅडम म्हणाल्या, महिनोन्महिने,
आणि इतक्या खूश झाल्या की मला पेढा दिला.

मी पेढा खिशात ठेवला.

येसूच्या पहिल्या नवऱ्याची होडी
विटाव्याच्या अलीकडे उलटली
तेव्हा तिला दिवस गेलेत हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.
काशिनाथ माझा जाळ्याचा जोडीदार.
दवाखान्यात बापाच्या रकान्यात नाव मी घातलं, माझं,
पेन नर्सचं होतं, उतरत नव्हतं, दोनदा गिरवलं.

भाविका आता बारावीला आहे.
हसली की वरचा ओठ डावीकडे जातो.
तो ओठ आख्ख्या चेंदणीला ओळखीचा,
तिलाही. फोटो घरातच आहे, देवाच्या बाजूला,
मीच फ्रेम करून आणला.

शनिवारी डबा घेऊन आली.
सातसमोर उकिडवी बसली, काचेला नाक लावून.
बाबा, ह्यांचा बाप कुठला?
मी फळीवरची बाटली दाखवली.
तिने उचलली, उजेडात धरली, हलवली.
ठिपक्याचा रंग उतरून पांढरा झालेला.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, तारीख चुकलीय तुमची,
वीज बावीसला गेली होती, तेवीसला नाही.
खोडून नीट लिहिली, फुंकर मारून सुकवली,
आणि म्हणाली, डबा गरम आहे तोवर खा.

आज मॅडमनी वहीत नवा रकाना आखलाय : पिता.
तपासणी होईपर्यंत कोरा ठेवायचा.

मादी भुकेली आहे. स्वतःचीच पिल्लं गिळते,
म्हणून त्यांना गाळणीने वेगळं करायचं.
उद्याचं पाणी बादलीत उघडं ठेवलंय, क्लोरीन उडायला.
टॉर्च लावून मोजतो.
पाच.
झाडाच्या पानाआड बघतो, पंपाच्या नळीमागे.
पुन्हा मोजतो.